दिवा पिवळा झाला की

उर्वशीच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक दिवा होता. खरा दिवा नव्हे, पडद्यावरचा, मुगाच्या दाण्याएवढा. बोटं चालत असली की हिरवा आणि बोटं थांबली की जरा वाट पाहून पिवळा. एवढ्याशा त्या मुगाच्या दाण्यानं एका शिकल्यासवरल्या पोरीचं जगणं हराम करून टाकलं होतं. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण तसंच झालं.

झालं असं, की पुण्याच्या ज्या कंपनीत ती सॉफ्टवेअर लिहायची, तिनं उन्हाळ्यात सगळ्यांच्या यंत्रांत एक मीटर बसवलं. कोण किती वेळ कीबोर्ड बडवतो, कोण किती माउस फिरवतो, हे ते मोजायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे टक्के लावून तक्ता सगळ्यांनाच यायचा. वरची नावं हिरवी, खालची लाल. शाळेत दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे ना, तसलाच प्रकार, फक्त इथं दाढीमिशा आलेली माणसं होती.

उर्वशीचं नाव तळाशी असायचं. अगदी तळाशी नाही, कारण तिच्याखाली रवी असायचा. रवी यवतमाळचा, इंजिनिअरिंग कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढे. तिला या कंपनीत आणणाराही तोच. कोणाचं काही अडलं की सगळे रवीला फोन लावायचे आणि रवी तासन् तास कानाला फोन लावून समजावत बसायचा. फोनवर बोलताना कीबोर्ड काही बडवता येत नाही. मीटरला त्याचं काय! मीटरच्या लेखी रवी आळशी.

उर्वशीचं दुखणं वेगळं होतं. तिची कामाची रीतच अशी, की आधी हात मांडीवर ठेवून नुसतं पाहत बसायचं. काय बिघडलंय, कुठून बिघडलंय, हे डोक्यात सगळं उलगडेपर्यंत ती कीबोर्डला शिवायची नाही. मग लिहायची ते थोडंच. बाकीचे एआयला विचारून दिवसभरात ढीगभर कोड ओतायचे, खटाखट बटणं दाबायचे, हिरवेगार असायचे. ते पाहून तिला वाटायला लागलं, की आपल्याला हे जमतच नाही. ओळख ना पाळख, कोणाच्या तरी लग्नात पंगतीला जाऊन बसावं आणि वाढपी जवळ आला की छाती धडधडावी, तसं तिचं रोज सकाळी व्हायचं. आज कोणीतरी ओळखणार आणि उठवणार.

त्यात महिनाअखेरीला तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं. ते ठरवताना टक्के पाहिले जातील, असं त्यांच्या टीमच्या प्रमुख सलोनी मॅडमनी साफ सांगितलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही वरून कोणीतरी विचारायचं, तुमची माणसं काय करतात म्हणून.

अशा दिवसांत घरून याडीचा, म्हणजे आईचा फोन आला. उर्वशीचा बंजारा तांडा यवतमाळकडच्या कळंबपासून थोडा आत, आणि श्रावणातली तीज तोंडावर आली होती.

"येतं का नाई व? यंदाची तीज तुही शेवटची. पुढच्या साली लगन झालं तं मंग तुले तीज नाई भेटत," रामीबाई म्हणाली.

"याडी, कामाचं लय टेन्शन आहे."

"मंग काम घेऊन ये. कोन नको म्हन्ते?"

मॅडमनी घरून काम करायला परवानगी दिली, आणि उर्वशी लॅपटॉप घेऊन तांड्यावर आली.

तीज म्हणजे तांड्यातल्या लग्नाआधीच्या पोरींचा सण. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात मचाणावर ओळीनं टोपल्या मांडायच्या, काळ्या मातीत भिजवलेले गहू पेरायचे, आणि दिवसातून तीनदा विहिरीवरून गाणी म्हणत पाणी आणून घालायचं. पेरायच्या दिवशी बोराच्या काट्यांना भिजलेले चणे टोचायचे असतात, आणि नेमके तेव्हाच भाऊजी लोक फांदी गदागदा हलवून पोरींचे हाल करतात. उर्वशीच्या बोटांना यंदाही काटे टोचले, ती यंदाही ओरडली, आणि कित्येक महिन्यांनी पोट धरून हसली. किसनसिंग नायकांनी तिची टोपली मुद्दाम पुढं मांडली. तांड्यातली पहिली इंजिनिअर पोट्टी, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी, जिथं मोबाईलला बरी रेंज होती तिथं बसून तिनं काम सुरू केलं. रामीबाई शेजारी तुरीची डाळ निवडत होती. डाळ निवडता निवडता तिचं लक्ष पडद्याकडेच.

"हे काय घडीघडी पिवळं होते व?"

"काई नाई याडी. मी काम नाई करून राह्यली, असं दाखवते ते."

"काहून? बसून तं आहे तू."

"नुसतं बसून नाई चालत. हात हालला पायजे."

रामीबाईनं "हं" केलं आणि पुन्हा डाळीत डोकं घातलं. पण लेकीचं तोंड कसं उतरलं, ते तिनं बरोबर पाहिलं होतं.

त्या आठवड्यात उर्वशीच्या टीमच्या मागे एक भूत लागलं होतं. त्यांचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका हॉस्पिटलात एकच नंबर कधीकधी दोघा पेशंटांना जायचा. रोज नाही. सकाळच्या गर्दीत, अधूनमधून. मग नोंदणीच्या खिडकीशी भांडणं. परवा म्हणे एक गरोदर बाई आणि एक आजोबा दोघंही तोच नंबर घेऊन उभे, आणि दोघंही खरे. पुण्यात बसून सगळ्यांनी तपासलं, तर तिथं ते कधी घडायचंच नाही. कोणी इथं ठिगळ लावलं, कोणी तिथं. एआयला विचारून कोणी पानंच्या पानं नवा कोड घातला. सगळे हिरवेगार झाले, भूत होतं तिथंच. उर्वशी मात्र खिडकीबाहेर पाहत बसलेली, हात मांडीवर. दिवा पिवळा.

मग आला शुक्रवार. पोरींच्या मागून जाऊन संध्याकाळचं पाणी घालून ती घरी आली, भीतभीत तक्ता उघडला, खालून नावं वाचायला लागली. खाली रवी. त्याच्या वर भलताच कोणी. आपलं नाव दिसेना. काढून तर नाही टाकलं? मग तिनं वर पाहिलं. वरून दुसरं नाव तिचं. हिरवंगार. खाली मॅडमचा निरोप: शाब्बास उर्वशी, घरचं पाणी मानवलेलं दिसतंय.

पोरगी ओरडतच ओसरीवर आली. वडिलांना, हिरासिंगला, तिनं तीनदा समजावून सांगितलं, आणि त्याला तिसऱ्यांदाही एवढंच कळलं की लेकीचं नाव वर आलंय. तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी तो कळंबला गेला, चिंतामणी गणपतीपुढं पेढा ठेवला आणि उरलेला पुडा घरी आणला. उर्वशीला वाटलं, बघा, आपण उगाच घाबरत होतो. आपण सुधारलो. आपल्यालाही जमतं. रात्री ती कधी नव्हे ती शांत झोपली.

रामीबाईनं पुडा आपल्याकडे ओढला. तिनं दोन पेढे जास्त खाल्ले, तेवढंच.

सोमवारी हॉस्पिटलातून पुन्हा तक्रार आली आणि दुपारच्या पाण्याला निघायला उर्वशीला उशीर झाला. मचाणापाशी पोचते तर काय, टोपलीतून आंबूस वास. गहू उगवून चांगले बोटबोट वर आले होते, ते आडवे पडलेले, मुळाशी बुळबुळीत. शेजारची पुष्पाची टोपली पाहा, कशी तरारलेली!

"कोनी बुडवली व माही तीज?" ती रडवेली झाली.

पुष्पा तिची लहानपणापासूनची मैत्रीण, यवतमाळला नर्सिंग शिकणारी आणि फटकळ. "कोनी काहून बुडवीन? तू तं फोनवर राह्यतं. तुह्या टोपलीत मीच पानी घातलं सारे दिवस."

"तू घातलं? मीबी घातलं न मागून येऊन!"

"मी पाहूनच घातलं. कोरडी होती माती."

"मीबी पाहूनच घातलं. कोरडीच होती."

"म्हन्जे मी खोटी?"

"मंग मी खोटी?"

बाकीच्या पोरी गाणं थांबवून तमाशा पाहायला लागल्या. उर्वशी तोंड उघडून आणखी काहीतरी बोलणार, तोच तिला आठवलं. रोज हेच झालं होतं. पुष्पा टोपलीत पाहायची, माती कोरडी, मग ती पोरींबरोबर विहिरीकडे जायची. मागून धावत उर्वशी यायची. टोपलीत पाहायची, माती कोरडीच, कारण पुष्पा अजून विहिरीवर. मग तीही घागर घेऊन पळायची. पुष्पा येऊन ओतून जायची. उर्वशी येऊन पुन्हा ओतायची, आत्ताच तर पाहिलंय म्हणून दुसऱ्यांदा पाहायची नाही.

दोघींनी पाहिलं होतं. दोघी खऱ्या होत्या. पण पाहणं आणि ओतणं यांच्या मध्ये विहीर होती.

"अवं ए! झटका आला का हिले?" पुष्पानं तिला हलवलं.

उर्वशी मचाणाच्या कडेला बसली. हॉस्पिटलात दोन खिडक्या. दोन्हीकडच्या बाया पाहतात, नंबर मोकळा आहे का? मोकळा. मग नाव विचारा, वय विचारा, मोबाईल नंबर विचारा. गर्दीत नेट रडतखडत चालतं. एकीचं लिहून व्हायच्या आत दुसरीनंही पाहिलेलं असतं. दोघी खऱ्या, आणि नंबर एकच. पुण्याच्या ऑफिसात नेट विजेसारखं, तिथं मध्ये विहीरच नाही, मग भूत दिसणार कुठून! आणि लोक काय करत होते? पाहणाऱ्याला आणखी नीट पाहायला सांगत होते. दहादा पाहा. अरे, दहादा पाहून काय उपयोग?

"पुष्पा, विहिरीवर जायच्या आधी तू टोपलीवर एक गोटा ठेवला असता तं?"

"कायचा गोटा?"

"मी निघाली म्हून. मंग मी पाहिलं असतं, गोटा आहे, म्हन्जे कोनी तरी गेली पान्याले. मी गेलीच नसती."

"येडी झाली ही," पुष्पा पोरींना म्हणाली. "तीज बुडाली आन् गोटे मोजून राह्यली."

ती खूप वेळ तशीच बसून होती, मांडीवर हात ठेवून. आधी नंबरावर गोटा ठेवायचा, मग बाकीचं सगळं विचारायचं. पेशंट निघून गेला तर? तर गोटा आपोआप उचलला जायला हवा. किती वेळानं? सगळं एकेक करून डोक्यात बसलं, तेव्हा पोरी पाणी घालून, नाचून, घरी निघाल्या होत्या. उर्वशी उठली आणि घागर तिथंच टाकून घराकडे धावत सुटली.

दारात तिचे पाय थबकले.

रामीबाई खिडकीशी बसली होती. डाव्या हातानं डाळ निवडणं चाललं होतं आणि उजवा हात माउसवर, गोल गोल, संथपणे, पोळी लाटावी तसा. मध्येच ती हात उचलायची, एक बटण चांगलं जोरात दाबून धरायची, आणि पुन्हा माउस. पडद्यावर एक कोरं पान उघडं होतं आणि त्यावर एकच अक्षर खालपर्यंत गच्च भरलं होतं. कोपऱ्यातला दिवा हिरवागार.

"याडी! काय करून राह्यली तू?"

रामीबाई दचकली, पण हात काही थांबला नाही. "काम."

"कोनाचं काम?"

"तुहं. तू पान्याले गेली का ते पिवळं होते. आन् ते पिवळं झालं का तुह्या तोंडाकडं पाहवत नाई मले. म्या म्हटलं, हातच तं हालवाचा आहे. मले काय हात नाई?"

"कवापासून?"

"तू सांगितलं न हात हालला पायजे, तवापासून. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. तू आंघोळीले जातं तवाबी."

उर्वशी आत येऊन आईच्या पुढ्यात बसली. म्हणजे वरून दुसरं नाव तिचं नव्हतंच. ते हिरवे टक्के, ती शाब्बासकी, ती एका रात्रीची झोप, सगळं याडीचं. तिला इतकी लाज वाटली की कान तापले, आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. कंपनीच्या यंत्राला दुसऱ्या कोणाचा हात लागला तर सरळ घरी पाठवतात, हे याडीला कसं सांगायचं!

"मंग ते पेढे..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"म्हून तं म्या दोन जास्त खाल्ले," रामीबाई म्हणाली.

आता यावर रडावं की हसावं? उर्वशीनं दोन्ही केलं. आधी रडली, आईच्या मांडीत डोकं खुपसून, अगदी लहानपणी रडायची तशी. म्हणाली, याडी, मले काईच येत नाई, तुले माह्यापेक्षा जास्त टक्के पडले. रामीबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आणि मग रडता रडता पोरीच्या ध्यानात आलं, की थांब. कामातलं ढ न कळता फक्त माउस गोल फिरवला तरी जे वरून दुसरा नंबर देतं, ते मीटर नेमकं मोजतं तरी काय? आणि आत्ता मचाणापाशी आपण बसलो होतो, तेव्हा आपण काय करत होतो? तिनं नाक पुसलं आणि लॅपटॉप ओढून घेतला.

तिनं लॅपटॉपवर एक खिडकी उघडली, बापाच्या मोबाईलवर दुसरी, आणि तांड्याच्या त्या रडक्या नेटवर दोन्हीकडून एकदमच नंबर मागितला. आला! एकच नंबर, दोन्हीकडे. पुण्यात कोणाला न दिसलेलं भूत तिच्या घरात समोरासमोर बसलं होतं. मग तिनं गोटा ठेवायचा कोड लिहिला. एका नजरेत मावेल एवढाच. पुन्हा दोन्हीकडून मागितलं, पुन्हा, पुन्हा. एकीकडे नंबर, दुसरीकडे पुढचा. एकदाही चुकलं नाही.

रवीला दाखवलं तर त्यानं ते पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. मग म्हणाला, "बाप्पा! एवढंच होतं हे? आमी तं डोकं आपटून राह्यलो होतो."

"बरोबर आहे न?"

"बरोबर म्हन्जे काय! पाठव आत्ताच."

दुसऱ्या दिवशी सकाळी टीमची मीटिंग झाली. सगळे आपापल्या चौकोनात. सलोनी मॅडम खूष होत्या.

"रात्रीच बदल हॉस्पिटलला लावलाय आणि सकाळच्या गर्दीत एकही तक्रार नाही," त्या म्हणाल्या. "हे उर्वशीनं केलं. आणि मुद्दाम सांगते, शुक्रवारच्या तक्त्यात ती मीटरवर वरून दुसरी आहे. मी म्हणत होते ना, आकडा खोटं बोलत नाही. मेहनत दिसतेच. तेव्हा या महिन्यात कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते आपण आकड्यावरूनच ठरवू. रवी, मीटिंग झाली की तू थांब, तुझ्याशी बोलायचंय."

रवीच्या चौकोनात रवीनं फक्त मान हलवली. त्याला कळलं होतं, थांब म्हणजे काय.

उर्वशी रवीच्या चौकोनाकडे पाहत राहिली. कोणाला काही कळणार नव्हतं. याडी कोणाला सांगायला जाणार नव्हती. नुसतं गप्प बसलं की नोकरी कायम, पगार कायम, तांड्यात मान कायम. आजवर ती घाबरत होती की आपण खोटे आहोत. आत्ता गप्प बसली असती तर खरंच खोटी ठरली असती. हे तिला इतकं लख्ख दिसलं, की भीती वाटायलाही वेळ मिळाला नाही.

"मॅडम, एक मिनिट. ते टक्के माझे नाहीत."

"म्हणजे?"

"आईचे आहेत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. उर्वशीनं लॅपटॉप वळवला. रामीबाईनं घाईघाईनं पदर डोक्यावर ओढला आणि पडद्याला हात जोडले.

"रामराम म्याडम. पोरीची काई चूक नाई. तिले ठावूकच नोतं. ते पिवळं होत होतं म्हून म्या हालवलं."

पुणं गार पडलं. मॅडमचा चेहरा असा झाला, की हसू दाबतायत की राग, ते सांगता येईना.

"उर्वशी, कंपनीच्या मशीनला बाहेरच्या माणसाचा हात लागलाय. याचा अर्थ कळतो ना तुला?"

"हो मॅडम. ती माझीच चूक. मी ते उघडं ठेवून जायला नको होतं."

"आणि हॉस्पिटलचं काम? तेही आईनं केलं?"

"नाही. ते मी केलं." तिनं लॅपटॉप पुन्हा आपल्याकडे वळवला. "ते सुचलं तेव्हा मी टोपल्यांच्या मचाणापाशी बसले होते. हातात काहीच नव्हतं. माझा दिवा त्या वेळी पिवळा असायला पाहिजे होता, मॅडम. आणि रवीचा तर पिवळा असतोच, कारण तो दिवसभर आम्हा सगळ्यांना शिकवत असतो."

मॅडम म्हणाल्या, "मी तुला फोन करते," आणि मीटिंग संपली.

दिवसभर फोन आला नाही. संध्याकाळी हिरासिंग वावरातून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगितलं न?" त्यानं विचारलं.

"हाव."

"मंग जेव आता," तो म्हणाला आणि स्वतः ताटावर बसला.

दुसऱ्या दिवशी तीज तोडायची होती. सगळा तांडा नायकाच्या अंगणात. पोरी टोपल्या घेऊन नाचत होत्या, रडत होत्या, गात होत्या, सगळं एकदमच. गव्हाचे कोंब उपटून थोरामोठ्यांना द्यायचे असतात. उर्वशीच्या टोपलीत धड उभे असे थोडेच उरले होते. पुष्पानं एक शब्द न बोलता आपल्या टोपलीतली मूठभर तीज तिच्या टोपलीत खोचली. "पुढच्या साली आधी गोटा ठेवजो," एवढंच म्हणाली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. हिरासिंगनं लेकीच्या हातून कोंब घेतले आणि पागोट्यात खोचले. पुष्पाचे कोणते, लेकीचे कोणते, ते त्यानं पाहिलंही नाही.

टोपल्या पाण्यात सोडायला सगळ्या ओढ्याकडे निघाल्या आणि वाटेत फोन वाजला. उर्वशीनं टोपली आईच्या हातात दिली आणि बाजूला झाली.

"तुला लेखी ताकीद मिळणार आहे," सलोनी मॅडम म्हणाल्या. "ती तुझ्या फाईलला राहील. तेवढं मला करावंच लागेल."

"हो मॅडम."

"दुसरी गोष्ट. काल मी पहिल्यांदा माझं स्वतःचं मीटर उघडून पाहिलं. तक्त्यात माझं नाव नसतं ना, कधी पाहिलंच नव्हतं. दिवसभर तुमच्या अडचणी ऐकते, हॉस्पिटलवाल्यांच्या शिव्या खाते. माझे टक्के रवीपेक्षा कमी आहेत. मीटर काढून टाकणं माझ्या हातात नाही. वर भांडतेय, बघू. पण माझ्या टीममध्ये कोणाला ठेवायचं, ते त्यावरून ठरणार नाही. रवी राहतोय. आणि तुला मी कायम करतेय. ताकदीसकट."

"ताकदीसकट?"

"ताकीद गं. ताकिदीसकट." मॅडम हसल्या. "आणि येत्या सोमवारी ते गोट्याचं सगळ्यांना नीट समजावून सांगायचं. आईला नमस्कार सांग."

उर्वशी ओढ्याकाठी पोचली तेव्हा टोपल्या पाण्यात सुटत होत्या. तिनं आईला कानात सांगितलं. रामीबाईनं आधी तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. मग विचारलं, "म्हन्जे आता माउस नाई हालवाचा?"

"नाई याडी."

"चांगला हात बसला होता माहा," रामीबाई खरंच हिरमुसली.

पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी उर्वशी पुन्हा खिडकीशी बसली होती. नवं काम आलं होतं, आधीच्यापेक्षा अवघड. बाहेर नायकाचं अंगण मोकळं दिसत होतं, मचाण काढून टाकलेलं. ती पाहत होती, हात मांडीवर. कोपऱ्यातला दिवा पिवळा झाला. शेजारी डाळ निवडणाऱ्या रामीबाईचा हात सवयीनं हळूच माउसकडे सरकला.

उर्वशीनं नजर न हलवता तो हात धरला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

"राहू दे याडी," ती म्हणाली. "मी काम करून राह्यली."